दोन घट्ट वेण्या

चट्‌.

स्वयंपाकघरातल्या शांततेत गोळ्यांच्या स्ट्रिपचा चंदेरी कागद फुटला. हा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जायला हवा, म्हणून ती अंगठा जरा जोरातच दाबायची.

"घेतलीस का गं?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

"घेतली हो, आई."

तिनं नळ सोडला. गोळी सिंकमध्ये टाकायची, दोन घोट पाणी प्यायचं, भांडं विसळून पालथं घालायचं. महिनाभर हे असंच चाललं होतं.

कॅन्सर गेला होता. एका बाजूची छाती गेली, केस गेले आणि परतही आले. "सुटलीस बाई!" म्हणून सगळे मोकळे झाले. राहिली फक्त ही हार्मोनची गोळी. दुखणं उलटू नये म्हणून, रोज, पाच वर्षं. मसुराच्या दाण्याएवढी. पण दुखण्यानं जे केलं नव्हतं ते या गोळीनं करून दाखवलं. सकाळी मूठ उघडायची नाही. शिवणाच्या दुकानात काजं करताना सुई हातातून निसटायची. ऐन थंडीत अंगाची लाही व्हायची, ती उठून पंखा लावायची, आणि नवरा पांघरूण कानावर ओढत म्हणायचा, "एका खोलीत दोन ऋतू!" पहिल्यांदा तीही हसली होती.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाल्या, "सगळं छान आहे की." नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं सगळं सोसलंस, आणि आता एक गोळी जड झाली?"

हो, झाली! पण बोलायचं कुणाजवळ? जीव वाचलेल्या माणसानं कुरकुर करायची नसते.

आजची गोळी अजून तळहातावरच होती, तेवढ्यात ठकू कंगवा आणि रिबिनी घेऊन आत आली. लेकीला दिसायच्या आत तिनं घाईघाईनं गोळी गाऊनच्या खिशात सारली.

"आजी केस ओढते. तू घाल ना वेण्या," लेक म्हणाली आणि लगेच शहाण्यासारखा चेहरा केला. "नाहीतर राहू दे. तुझी बोटं रुसली असतील."

"बस तर खरी. बघू रुसवा गेलाय का."

ती स्टुलावर बसली, ठकू तिच्या गुडघ्यांमध्ये. भांग सरळ पडला. पेडावर पेड चढत गेला. बोटं कुठे अडली नाहीत, कुठे कळ आली नाही. रिबिनीचं फूलसुद्धा पहिल्या झटक्यात बसलं. चोरी कसली, तिला वाटलं. आपलंच होतं, ते परत घेतलं.

ठकूनं डब्याच्या झाकणात स्वतःला पाहिलं. मान गदागदा हलवून दोन्ही वेण्या गालांवर आपटून घेतल्या.

"अश्शाच घालायचीस तू! तुला टक्कल होतं ना, तेव्हा. पलंगावर बसून."

"आठवतं तुला?"

"मग! आजारी होतीस तेव्हा रोज घालायचीस. बरी झालीस आणि बंदच केलंस."

ती हसणार होती. पण ठकूचा वेणीवरून फिरणारा हात मधेच थांबला. झाकण खाली ठेवून ती आईकडे बघत राहिली.

"आई, मग आज कशा जमल्या? तू परत आजारी पडणार आहेस का?"