दुसरा आवाज

आईच्या मनगटावरचा पट्टा दोनदा वाजायचा. व्हीलचेअरमधून तिचा तोल गेला की एकदा, आणि ती जमिनीवर आपटली की दुसऱ्यांदा.

आज दुपारी तो एकदाच वाजला. लेक हातातली भाजी टाकून धावली, तर आई खुर्चीत आरामात बसलेली.

"बघतेस काय अशी? पडायला आधी उभं राहावं लागतं!"

लेकीने पट्टा बसवणाऱ्याला फोन लावला.

"ताई, माझ्या स्क्रीनवर मावशी अजून पडतायत," तो हसला. "यंत्राचं डोकं फिरलंय. उद्या बदलून देतो."

खिडक्या बंद होत्या, पंखाही. तरी आईच्या केसांच्या बटा वर उचलल्या गेल्या आणि तशाच फडफडत राहिल्या.

लेकीने तिचा हात घट्ट धरला.

"सोडू नकोस गं," आई खाली बघत म्हणाली. "जमीन अजून दिसत नाहीये."