कापलेले हुंकार

“मधेमधे ही बाई कोण कण्हतेय?” प्रदर्शनाच्या प्रमुखांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “काढून टाका ते सगळं. लोक आपल्या पहिल्या कुलगुरूंना ऐकायला येणार आहेत.”

“कण्हत नाहीये, सर. हुंकार देतेय.”

“तेच ते. काढा.”

तिने मान हलवली. प्रमुख नवे होते. ती बाई हिची आई होती आणि आई जाऊन अजून महिनाही झाला नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगणं तिच्या जिवावर आलं. सांगितलं असतं तर ते ओशाळले असते आणि मग तिलाच त्यांची समजूत काढावी लागली असती. गेले काही दिवस तिने तेवढंच केलं होतं. भेटायला येणाऱ्यांचं सांत्वन.

विद्यापीठाचा इतिहास एका लांब दालनात मांडला जात होता. भिंतीवर जुने फोन बसवले होते. रिसीव्हर कानाला लावला की एखादा जुना आवाज बोलू लागायचा. पुढे हेच आवाज वेबसाइटवरही जाणार होते. ते सगळे आईने गोळा केलेले. इतिहास विभागात नोकरीला असताना ती खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून निवृत्त माणसांच्या घरी जायची. प्रश्न कागदावर लिहून पुढे सरकवायची. “टेप त्यांची, आपलं तोंड बंद,” हा तिचा नियम. फक्त हुंकार काही तिला आवरता आला नाही. समोरचा बोलू लागला की तिच्याही नकळत निघायचं, “हं.” तो अडखळला की, “मग?”

घरी तिचा आवाज कुठेच नव्हता. फोनवर निरोप ठेवायचा तिला कंटाळा, आणि घरातल्या सगळ्या व्हिडिओंत ती कॅमेऱ्याच्या मागे. लेक कामावरून आली की बाबा विचारायचे, “त्या टेपांत बोललीय का कुठे?”

“नाही, बाबा. बोललीच नाहीये.”

हुंकाराला लेक बोलणं धरत नव्हती.

पूर्वी संध्याकाळी बाबांची गाडी सुरू व्हायची. बँकेतली रांग, समोरच्यांचा कुत्रा, कोण भेटलं, कोणी ओळख दाखवली नाही. आई भाजी चिरत ऐकायची.

“ऐकतेयस ना? की मी आपला भिंतीशी बोलतोय?”

“भिंत हं म्हणते का?”

आता बाबा कामापुरतं बोलायचे. चहा. औषध. दार लाव.

ती कापायला बसली. तांदळातले खडे वेचावेत तसे एकेक हुंकार वेचत गेली. कापलेलं फेकायचं नाही, ही तिथली शिस्त. काढलेला आवाज होता त्याच जागी, पण खालच्या पट्टीवर, वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा. उद्या कोणाला हवा झाला तर परत बसवता यायला हवा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसत होत्या. वरची कुलगुरूंची, गच्च भरलेली. खालची सपाट, मधूनच एखादा बारीक उंचवटा. तेवढीच आई.

मग तिने वरची पट्टी ऐकली. पहिले वर्ग बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात भरायचे, कुलगुरू सांगत होते. फरशी पुसली की पायाखाली फेस यायचा. इथे एक “हं” होतं, त्यात हसू दाबलेलं होतं, आणि ते ऐकून कुलगुरू मोकळेपणी हसले होते. आता ते स्वतःशीच हसत होते.

प्रमुखांनीही ऐकलं. “स्वच्छ झालं. फक्त म्हातारबुवा मधेच उगाच का हसतात? तेही काढता येईल?”

“घरी नेऊन बघते,” ती म्हणाली. वाद घालायला लागतं तेवढंही अंगात उरलं नव्हतं.

घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, आईच्या खुर्चीसमोर. तिने दुसऱ्या बाजूला लॅपटॉप उघडला आणि मुलाखत सुरू केली. काहीच ऐकू येईना. तिने आवाज वाढवला. तरी शांत. फाइल बिघडली की काय, म्हणून ती पडद्याकडे वाकली. वरची पट्टी बंद राहिली होती. चालू होती ती खालची.

“हं,” आई म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

लेकीचा हात बटणाकडे गेला. “चुकून लागलं, बाबा. यात दुसरं काही नाहीये. नुसतेच...”

“राहू दे.”

तिने हात मागे घेतला. लॅपटॉपमधून शांतता येत राहिली. जिथे एके काळी कुलगुरू बोलत होते, ती सगळी जागा मोकळी. बाबा लॅपटॉपकडे बघत होते. मग त्यांनी घसा खाकरला. टेबलावरचा पेला उगाच थोडा बाजूला सरकवला.

“आज तो सुतार येऊन गेला,” ते म्हणाले. “मागच्या दाराचा. तू सांगून सांगून थकलीस, तेव्हा फिरकला नाही. आज आला आपणहून.”

ते थांबले.

“हं.”

“लाकूड फुगलंय म्हणाला. मी म्हटलं, ते मलाही दिसतंय, त्याला सुतार कशाला हवा!” बाबांचा आवाज किंचित चढला, पूर्वी चढायचा तसा. मग अडखळला. “तर तो विचारतो, बाई कुठे गेल्या?”

पुढचं त्यांना सांगता येईना. पट्टी सरकत होती.

“मग?” आईने विचारलं.