हलका नाश्ता करून यावे

हॉस्पिटलच्या वेबसाइटवर बाळंतपणाच्या पानावरचा फोन नंबर बदलायचा होता, एवढंच काम. संपादिकेने पान उघडलं आणि सिझेरियनच्या सूचनांमधलं एक वाक्य वाचून तिच्या पायाखालची जमीन सरकली. ‘ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हलका नाश्ता करून यावे.’

वाक्य तिचंच होतं. सकाळी साडेदहाला तिनेच लिहिलं होतं, पण दातांच्या विभागासाठी. दात काढायला हिरडीपुरतंच बधिर करतात, उपाशीपोटी आलेल्या माणसाला उलट घेरी येते, तेव्हा तेवढं बदलून टाका, असा तिथल्या डॉक्टरीणबाईंचा निरोप होता. तिने ‘रात्री बारानंतर काहीही खाऊ-पिऊ नये’ हे खोडलं, नवं लिहिलं, पब्लिशचं बटण दाबलं आणि पुढच्या कामाला लागली.

विसरली काय, तर ते वाक्य दातांच्या पानावर नव्हतंच मुळी. ते होतं सामायिक मजकुरात. एकदा लिहायचं आणि हॉस्पिटलच्या वेबसाइटच्या एकतीस पानांनी ते तिथून उचलायचं. ही सोय कोणी केली? हिनेच. वर सगळ्या विभागांना बोलावून मोठ्या तोऱ्यात समजावूनही सांगितली होती. आता घ्या!

हर्निया, पित्ताशय, गुडघा. पूर्ण भूल द्यावी लागते अशा प्रत्येक ऑपरेशनच्या पानावर सकाळपासून नाश्त्याचं आमंत्रण झळकत होतं. भरल्या पोटी भूल दिली तर खाल्लेलं उलटून श्वासनलिकेत जातं आणि माणूस हातचा जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती माहितीही तिनेच लिहिली होती, वेगळ्या पानावर.

सिस्टिममध्ये मजकुराच्या जुन्या प्रती जपलेल्या असतात, म्हणून बरं. तिने जुनं वाक्य परत आणलं, दातांसाठी स्वतंत्र वाक्य केलं. चार मिनिटांचं काम. कोणाला पत्ताही लागला नसता, आणि खोटं कशाला बोला, तो विचार तिच्या मनात येऊन गेला. पण पानावरचं परत घेता येतं, वाचलेलं कसं घेणार? ती उठली आणि जिना उतरून ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांकडे गेली.

मोठ्या सिस्टर म्हणजे जमदग्नी. एरवी डॉक्टरसुद्धा त्यांच्या वाटेला जात नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे तर हिला जास्तच धडकी भरली. भूल देण्याआधी आम्ही विचारतोच, असं त्या म्हणाल्या, पण तारीख पुढे जाईल या भीतीने निम्मे लोक थापा मारतात. मग त्यांनी उद्याची यादी काढली. सात नावं होती.

“फोन तुम्हीच लावा,” सिस्टर म्हणाल्या. “चूक तुमची, तोंडही तुमचंच.”

पहिल्या पाच जणांनी वेबसाइट उघडलीच नव्हती. आपण रक्त आटवून लिहिलेलं कोणी वाचत नाही, याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. सहाव्या बाईंनी कालच वाचलं होतं, म्हणजे जुनं, बरोबर. राहिले हर्नियाचे काका. दोनदा फोन नुसताच वाजत राहिला. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोने उचलला.

वाचलं ना, काकू म्हणाल्या. दुपारी ह्यांनीच मोठ्यांदा वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून उद्या सकाळी काय काय करायचं याच्या फर्माइशी सुरू होत्या.

संपादिकेने विचारलं, “मग?”

“मग काय? गेल्या आठवड्यात डॉक्टर तोंडाने सांगतात उपाशी या, आणि आज तुमचं पान म्हणतं खाऊन या. दोघांतलं कोणीतरी चुकलेलं असणार. म्हटलं, एक सकाळ उपाशी राहून कोणी मरत नाही. खाल्ल्यावर काय होतं ते मला माहीत नाही. चहाचा घोटसुद्धा मिळणार नाही म्हणून बजावलंय. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीयेत.”

संपादिकेला हसू आणि रडू एकदमच आलं. सिस्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि यादीतल्या सातव्या नावापुढे खूण केली.

“काकू,” ती म्हणाली, “चूक माझी होती. तुमचंच बरोबर आहे.”

पलीकडे पावलं वाजली, टीव्हीचा आवाज बंद झाला, कोणीतरी कुरकुरलं.

“स्पीकरवर टाकलाय,” काकू म्हणाल्या. “आता परत सांगा. सावकाश, मोठ्याने. आणि ‘तुमचंच बरोबर आहे’पासून सुरुवात करा.”