मुदत

दोनदा प्रयत्न फसल्यावर दादाने कीबोर्ड ऋताकडे सरकवला. "राहू दे," तो म्हणाला. डावा हात लुळा पडल्यापासून त्याचं सगळ्याला हेच उत्तर होतं.

एकेकाळी माउसला हातही न लावता, नुसत्या कीबोर्डच्या शॉर्टकटनी तो लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या नाचवायचा. धाकट्या बहिणीला, ऋताला प्रोग्रॅमिंग शिकवलं तेही त्यानेच, ओरडून ओरडून. पण त्या शॉर्टकटना दोन-तीन बटणं एकदम दाबावी लागत. म्हणून ऋताने त्याच्यासाठी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. आधी एक बटण दाबून सोडायचं, मग दुसरं दाबायचं.

तिच्या हातून तो बिनचूक चालला होता. दादाचं बोट मात्र दुसऱ्या बटणापर्यंत पोचेतो पहिलं रद्द होत होतं, कारण मध्ये तिने एकाच सेकंदाची मुदत ठेवली होती. स्वतःच्या धडधाकट हातांच्या हिशेबाने.

तिने मुदतीची ती ओळच पुसून टाकली. "आता पहिलं बटण तुझ्यासाठी थांबेल, दादा. तू सावकाश ये."

त्याने पहिलं बटण दाबलं, जरा दम खाल्ला, दुसरं दाबलं. खिडकी उघडली. मग तिच्या शेजारी दुसरी. बराच वेळ तो नुसता खटखट करत राहिला.

"कुठल्या शहाण्याने हे बटण निवडलं?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "किती लांब पडतंय. आणि कोड उघड सगळा. आणखी काय काय करून ठेवलंयस ते बघू दे."

बोलणी खायला ऋता खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.