न फाडलेलं तिकीट

डोअरकीपरच्या टॉर्चचा उजेड जमिनीवर बशीएवढा पडे. काचेवर त्याने मधोमध भोक पाडलेला काळा कागद चिकटवला होता. त्यामुळे उजेड पायांपर्यंत पोचे, कुणाच्या तोंडावर जात नसे. या टॉकीजमध्ये रडून आलेली माणसं बरीच असत.

रस्त्यापलीकडे हॉस्पिटल होतं. अतिदक्षता विभागाबाहेर एकच बाक, त्यावर चार माणसं मावत. पाचव्याला तिथला वॉचमन सांगे, समोर टॉकीजमध्ये बसा, तिथे कुणी उठवत नाही. टॉकीजच्या भिंती जुन्या, हातभर जाड. आत मोबाइल लागत नसे. म्हणून नर्सच्या टेबलावर तिकीट खिडकीचा नंबर चिकटवलेला होता. तिकडून फोन आला की डोअरकीपर टॉर्च घेऊन रांगेत शिरे. नुसतं औषध आणायचं असलं तर उजेड दोनदा हलवून परत फिरे. हॉस्पिटलमधून येणाऱ्यांचं तिकीट फाडायचं नाही, असा मालकाचा नियम होता. एका तिकिटावर दिवसभर कितीही वेळा आत-बाहेर करा.

ती एकोणीस दिवस येत होती. तेवढ्या दिवसांत सिनेमा दोनदा बदलला. आज खिडकीतली बाई म्हणाली, "काय हो, याचाही शेवट अजून बघितला नाहीत ना? काही बिघडलं नाही. आम्ही रोज बघतो, आम्हालाही पटलेला नाही."

इथे हसायचं असतं हे तिला कळलं. ती हसली.

दुपारचा खेळ अर्ध्यावर आला होता. पलीकडच्या खुर्चीत रात्रपाळी करून आलेली एक नर्स चपला काढून झोपली होती. मागे दोन पेन्शनर पुढे काय होणार ते एकमेकांना आधीच सांगत होते.

रस्त्यापलीकडे, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, यंत्र तिच्या नवऱ्याची छाती मिनिटाला चौदा वेळा वर-खाली करत होतं. बाकी काही उरलेलं नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा समजावून सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिला ते समजलं होतं. धाकटा दीर रोज म्हणे, वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. मुलगा फोनवर म्हणे, आई, तू ठरव. सासूबाई काहीच म्हणत नसत. ती सगळ्यांना 'उद्या सांगते' म्हणे. तिथे सगळे तिच्या तोंडाकडे बघत. इथे सगळे पडद्याकडे बघत.

बशीएवढा उजेड तिच्या पायांशी येऊन थांबला. हलला नाही. डोअरकीपरने टॉर्च बंद केला, शेजारच्या खुर्चीची दुमडलेली बैठक खाली केली आणि तो बसला. तो असा कुणाच्या शेजारी बसलेला तिने आजवर तीनदा पाहिला होता.

"ताई, दीर आलेत तुमचे," तो म्हणाला. "डॉक्टर थांबलेत. आज काय ते सांगा म्हणतायत."

पडद्यावर पाठलाग चालू होता. गाड्या एकमेकींवर आदळत होत्या. आपल्याला काय वाटतंय ते तिने शोधून पाहिलं. बोटं गार पडली होती, डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. एवढंच सापडलं.

ती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

ती पुन्हा बोलली. गाड्यांच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

"असं बोललात तर तिथे गेल्यावर परत उद्यावर जाईल, ताई," तो म्हणाला. "माझी बायको तिथे मशीनवर होती तेव्हा मी आठ दिवस असंच केलं. इथेच एकदा मोठ्यानं म्हणून बघा. अंधार आहे."

मागचे पेन्शनर बोलायचे थांबले. तिने खुर्चीचा हात धरला.

"मशीन बंद करा त्यांचं," ती म्हणाली. "मी सांगतेय."