पिवळं तळं

राहीबाईंच्या पत्राला केसरीनाथांनी इतकी वर्षं उत्तर दिलंच नव्हतं. "साहेब, तुमच्या नकाशान आमचा तलाव न्हाय. माझा पोर भावेश त्यानच बुडला, अजून गवसला न्हाय. तलाव बुजवू नका." शहराचा आराखडा रंगवताना तळ्यावर निळ्याऐवजी घरांचा पिवळा रंग त्यांच्याच हातून गेला होता. चूक उघडी पडेल म्हणून त्यांनी पत्र पुस्तकात दडवलं.

निवृत्तीनंतर मुलाने अंजूरला घर घेतलं, ते नेमकं त्याच बुजवलेल्या तळ्याच्या जागेवर, सातव्या मजल्यावर. सून रोज करवादायची, "बाबा, ओल्या पायांनी पुस्तकांकडे जाऊ नका हो!"

फरशीवरची ओली पावलं मात्र इवलीशी, लहान मुलाची असायची.

आज त्यांनी उत्तर पोस्टात टाकलं.


"राहीबाई, भावेश सापडला. न्यायला या."