सुरमईचं काळीज

ताटलीतल्या काळजावर पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं होतं. नीलानं त्याला सुईचं टोक लावलं. वेटोळं सुटलं. दोऱ्यानं एक टोक वर उचललं आणि हवेत हळूहळू फिरवलं, वास घेतल्यासारखं.

सुरमई मरून दोन दिवस झाले होते. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, वेंगुर्ल्याची मोटार क्वचितच येई. बर्फात झाकलेली सुरमई आंबोलीचा घाट चढून काल बेळगावात उतरली आणि आज येळ्ळूरच्या या चुलीपुढं आली.

"आत्याबाई, ह्यात किडा आहे. जिवंत."

"म्हणून तर घेतली," तिच्या सासूबाई, मालुबाई, विळीवरून न उठता म्हणाल्या. समुद्र इतका लांब. बर्फाखालचं शिळं कुठलं नि ताजं कुठलं, कसं कळावं? मालुबाई बाजारातच माशाचं पोट फाडायला लावत. आत वळवळ दिसली तरच घेत. "शिळ्या माशात किडा जगंल व्हय? कालेजात बेडकं कापलीस गं, मासा कधी कापलास?"

काळीज गुंडूसाठी होतं. नीलाच्या या चार वर्षांच्या पोराला दिवेलागणीनंतर दिसत नसे, उंबऱ्याला ठेचकाळे. त्यावर घरचं औषध एकच. काळीज कच्चंच, मधात बुडवून गिळायचं. शिजवलं की गुण जातो.

हा किडा नीलानं कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. पण बर्फात जो मेला नाही, तो उबेत काय करील?

ती भांडायच्या तयारीत होती. मालुबाई मात्र लगेच कबूल झाल्या. उकड बाई, म्हणाल्या, उगं जिवाला घोर नको लावून घेऊस.

नीलानं काळीज खळखळत्या पाण्यात सोडलं. किडा एकदा ताठ झाला, मग ढिला पडला. तरी तिनं पाणी आटत येईस्तोवर उकळलं. काळीज ताटलीत काढून परसात खेळणाऱ्या गुंडूला हाक दिली.

"त्याला कशाला?" मालुबाई म्हणाल्या. "त्याचा वाटा मगाशीच दिला. तू पाण्याला गेलतीस तवा. ह्यो माझा. मलाबी सांजचं लई दिसत न्हाय."

गुंडू दारात आला. ओठांना मध लागला होता. तो खोकला, पुन्हा खोकला, आणि गळ्यावर हात ठेवला.

"आई, घशात कायतरी चालतंय."

नीलानं त्याला उजेडाकडं वळवून तोंड उघडलं. लाल घसा, बाकी काही नाही. गळा एकदा हलला. खोकला थांबला. गुंडू हसला.

मालुबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"गेलं बघ खाली."